खालचं वर्तुळ

पडद्यावर दोन वर्तुळं आली आणि माझा हात माऊसवर थांबला. वरच्या वर्तुळात आधीच ठिपका होता आणि त्याच्यापुढे इंग्रजीत लिहिलं होतं, की सगळी डिस्क पुसून नवी प्रणाली बसवा, बहुतेकांसाठी हेच योग्य. खालचं वर्तुळ रिकामं होतं. त्याच्यापुढे एवढंच, की मांडणी मी स्वतः ठरवीन. अजेयने, म्हणजे माझ्या मुलाने, मला बजावून सांगितलं होतं, "आई, काही वाचत बसू नकोस. सगळं डिफॉल्ट ठेव. आहे ते असू दे आणि पुढे, पुढे, पुढे करत जा." तशी मी गेलेही होते. पहिल्या पानावर भाषा इंग्रजी होती, ती असू दिली. दुसऱ्या पानावर कीबोर्ड इंग्रजी होता, तोही असू दिला. पण ते 'बहुतेकांसाठी' वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. मी बहुतेकांतली आहे हे या मशीनला कुणी सांगितलं? भर दुपारी कर्जतच्या बाजारात, माझ्या स्वतःच्या टायपिंगच्या दुकानात, छप्पन्न वर्षांची मी बाई एका ठिपक्यावर चिडून बसले होते आणि समोरच्या शिंप्याचं मशीन आपलं खडखडत होतं.

मशीन तसं म्हातारं. आतापर्यंत ज्या प्रणालीवर ते चाललं तिची देखभाल बंद झाली, आणि तिची नवी आवृत्ती या मशीनला झेपत नाही. म्हणून अजेय गेल्या रविवारी पुण्याहून आला तेव्हा त्याने एका पेनड्राइव्हवर लिनक्स आणून दिलं. ही निराळी प्रणाली, फुकट मिळते आणि जुन्या मशीनवरही नीट चालते. "फोटो बघायला आणि ईशानीशी व्हिडिओवर बोलायला तुला पुष्कळ झालं," तो म्हणाला. ईशानी ही त्याची चिमुरडी लेक. फोटो बघायला! मी सव्वीस वर्षं या टेबलाशी बसून मराठी टाइप करते आहे. कर्जत-खालापूरकडच्या किती लग्नांच्या पत्रिका माझ्या हातून गेल्या असतील. भजनी मंडळांची हँडबिलं, दशक्रियेची निमंत्रणं, कोर्टातली प्रतिज्ञापत्रं, माथेरानच्या हॉटेलांची मेन्यूकार्डं, आणि तिथल्या घोडेवाल्यांच्या सूचना, की घोड्यावर दोघांनी बसू नये, हुज्जत घालू नये. ते सगळं याच डिस्कच्या दुसऱ्या भागात आहे. आम्ही त्याला 'डी' म्हणायचो. वरच्या वर्तुळाला ते काही ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी तिथे नुसती जागा होती.

दिवाळीनंतर मी पुण्याला जाणार, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे कसं, ते सांगते. त्याच रविवारी मी तव्यावर पोळी टाकत होते आणि बाहेर जेवणाच्या टेबलाशी अजेय आणि विष्णू, माझा नवरा, बोलत होते. तेजश्रीची, म्हणजे सुनेची, सुट्टी संपतेय, ईशानीला पाळणाघरात ठेवायला जीव होत नाही, मशीन तसंही गेलंच आहे, आणि गाळा काय, गजाला हवाच आहे. गजा हा विष्णूचा पुतण्या. मुंबईकरांना फार्महाऊससाठी प्लॉट दाखवत हिंडतो, त्याला बाजारात बसायला जागा हवी. आयत्या बिळावर नागोबा. मग अजेय म्हणाला, "आईलाही तिकडे बरं वाटेल," आणि विष्णू म्हणाला, "हो, तिला काय." एवढ्यात पोळी करपली. मी ती उलटली, शेकवली आणि विष्णूच्याच पानात वाढली, त्याने मुकाट्याने खाल्ली. भांडण कुणाशी झालं नाही, आवाज कुणाचा चढला नाही. मला कुणी ढकललं असतं तर मी दार धरून उभी राहिले असते. इथे कुणी विचारलंच नाही, तर नाही कुणाला म्हणणार? सकाळी दुकान झाडताना मला सुचलं, की डिफॉल्टला आपल्याकडे चांगला शब्द आहे, गृहीत. ईशानीवर माझा जीव आहे. ती मोबाईलच्या पडद्याला नाक लावून 'आज्जी' म्हणते तेव्हा मी हातातलं काम टाकून देते. तेजश्रीही गुणी आहे, तिच्याविरुद्ध मला एक शब्द बोलायचा नाही. पण जीव असणं निराळं आणि जीव गहाण टाकणं निराळं, आणि हे मोठ्याने बोलायची आमच्या घरात पद्धत नाही.

फोन वाजला. अजेयच.

"झालं का गं आई?"

"दोन वर्तुळं आलीत."

"वरचंच ठेव. खालच्या, कस्टमच्या भानगडीत पडू नकोस. तिथे तुला स्वतःला डिस्कचे तुकडे, पार्टिशनं करावी लागतील, काहीतरी उलटसुलट होईल आणि मग मशीन उघडणारच नाही."

"आणि डीमधलं?"

"त्यात आहे काय? जुन्या पत्रिकाच ना? आई, त्या लोकांची मुलंसुद्धा शाळेत जायला लागली असतील."

"माझे फॉन्ट आहेत त्यात."

"हे बघ, फॉन्टबिंट आता काही लागत नाही. इंग्रजीत एन-ए-एम दाबायचं, मराठीत आपोआप नम उमटतं. सगळं जग तसंच लिहितं."

"मी नाही लिहीत."

"लिहिशील. एका दिवसात जमेल तुला." त्याला कुणीतरी हाक मारली. "आई, मीटिंग आहे. वरचं वर्तुळ, पुढे, पुढे, पुढे. ओके?"

मी ओके म्हटलं नाही, पण ते त्याला कळायच्या आत फोन ठेवला गेला होता. मुलगा वाईट नाही. लहान होता तेव्हा याच टेबलाखाली बसून रद्दी कागदांची विमानं करायचा आणि रस्त्यावर सोडायचा. त्या कागदांवर माझ्या हातच्या चुका असायच्या, म्हणून ते रद्दी.

एन-ए-एम दाबायचं म्हणे. माझी बोटं अशी नाहीत. माझं माहेर लोधिवली, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं. द्रुतगती मार्ग तेव्हा व्हायचा होता. सगळे ट्रक आमच्या अंगणाला घासून गेल्यासारखे जायचे, आणि रात्री भिंतीवरून दिव्यांचे पट्टे सरकायचे. बारावीनंतर बाबांनी मला जवळच्या चौक गावी टायपिंगच्या क्लासला घातलं. खोलीत दहा-बारा टाइपरायटर, लांबून ऐकलं तर पत्र्यावर हरभरे ओतताहेत असं वाटे. क्लासच्या बाई फार कडक. बटणांकडे बघून टाइप करणारीला त्या कामातली समजतच नसत. त्यांच्याकडे जुन्या परकराची फडकी होती, ती त्या आमच्या हातांवर टाकायच्या. फडक्याखाली हात, डोळे समोरच्या उताऱ्यावर. पहिले काही आठवडे मला रडू यायचं. आपलीच बोटं आपल्याला दिसत नाहीत, आणि तरी ती कुठे आहेत हे ठाऊक असायला हवं. मग एक दिवस ती ठाऊक झाली. कुठलं बोट कुठल्या अक्षरावर जातं हे सांगायला आता मला तोंडाने येणार नाही, बोटांनाच विचारावं लागेल. 'क्ष' लिहायचा तर माझ्या हाताला क्ष येतो, त्याच्या आधी इंग्रजीतली दोन-तीन अक्षरं येऊन उंबऱ्यावर उभी राहत नाहीत. सगळं जग मराठी शब्दाला इंग्रजीच्या दारातून आत घेतं म्हणून मीही घ्यावं, हा कुठला न्याय? आई म्हणायची, सुंभ जळला तरी हिचा पीळ जळायचा नाही. ती हे तक्रारीने म्हणायची, पण शेजारणींना सांगताना तिच्या आवाजात थोडी ऐटही असायची. लग्नानंतर त्या पिळाचं काय झालं ते मी बरीच वर्षं तपासून बघितलं नव्हतं. दुकानात बसत होते तोवर तशी गरज पडली नाही. इथे माझी बोटं होती आणि काम होतं.

"जय भीम, ताई."

दारात धर्माजी उभे होते आणि मागे त्यांची धाकटी रूपा. कशेळ्याच्या पलीकडे यांची शेती आहे. जीपने आले होते, दोघांच्या केसांवर धूळ होती. रूपा खोपोलीला एका दवाखान्यात नर्स आहे. मी त्यांना खुर्च्या दिल्या. पंखा त्यांच्याकडे वळवला.

"हिचं ठरलं," धर्माजी म्हणाले. "खालापूरकडला पोरगा हाय. राकेश नाव. पत्रिका काडायची."

"अरे वा! रूपा, सांगितलं नाहीस कुणाला."

रूपा हसली. "मावशी, मी मोबाईलवरच करणार होते पत्रिका. ॲप हाय ना. पन त्यात सगळ्या गणपतीच्याच हायत. काडून टाकला तर वर पांढरं भोक ऱ्हातं."

"आपलं गणपतीशी भांडान नाय," धर्माजी म्हणाले. "पन त्यो आपल्या पत्रिकेवर का? त्यास्नी इचारलं तर म्हनतात, तसंच येतं. तसंच येतं म्हंजे काय? कोन धाडतं? आन भोक बी नको आमाला. आमचं हाय ना आमच्याकडं. थोरल्या पोरीची, आवडीची, तुमी काडली व्हती, तशी पायजे. वरती नमो तस्स, मदी बुद्ध, बाजूला बाबासाहेब, आन शुभविवाह नाय, मंगल परिणय. बोर्डर निळी."

आवडीच्या पत्रिकेला आम्ही दोघं कितीदा बसलो होतो ते मला आठवलं. ती नमो तस्सची ओळ पाली भाषेतली, तिचे काने-मात्रे धर्माजी प्रत्येक वेळी बोट ठेवून तपासायचे आणि मला सारखं पुन्हा करायला लावायचे. मला राग यायचा, पण मी करायची. आता ते म्हणाले, "दाखवा की ती. रूपानं बघितली नाय नीट, ल्हान व्हती."

मी म्हणणार होते, की मशीन आज अर्धवट आहे, नंतर या. पण हे लिनक्स पेनड्राइव्हवरूनही तात्पुरतं चालतं, हे अजेयने जाता जाता सांगितलं होतं. मी ती दोन वर्तुळांची खिडकी खाली दाबून ठेवली आणि डिस्क उघडली. सी आणि डी ही नावं इथे नव्हतीच, नुसते लहान-मोठे तुकडे होते. सगळ्यांत मोठा उघडला आणि माझे फोल्डर समोर आले. लग्न, साखरपुडा, दशक्रिया, माथेरान, कोर्ट. मी आवडीची पत्रिका उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, स्वल्पविराम यांचा नुसता भुगा आला.

"ह्ये काय?" धर्माजी पुढे वाकले. "ह्ये आमच्या आवडीचं हाय?"

"थांबा जरा."

फॉन्ट नाही म्हणून असं दिसतंय, हे मला कळत होतं, पण कळणं आणि डोळ्यांनी तो भुगा बघणं यांत फरक आहे. फॉन्टचं फोल्डर मोठ्या तुकड्यातच होतं. एक उचलला, बसवायला सांगितला, पत्रिका बंद करून पुन्हा उघडली. आणि अक्षरं उभी राहिली. नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स, एक मात्रा इकडची तिकडे नाही. रूपाने मोबाईल काढून पडद्याचा फोटो घेतला. धर्माजींनी सवयीने बोट ठेवून ओळ वाचली, शेवटपर्यंत, आणि मान हलवली. मी खाली दाबून ठेवलेल्या त्या खिडकीचा विचार करत होते. मी अजेयचं सांगणं निमूट ऐकलं असतं, तर आत्ता मी या दोघांना सांगत असते, की ती पत्रिका आता नाही. आणि त्या दोघांनी ते मान्यही केलं असतं, कारण मशीनने पुसलं म्हटल्यावर माणसं फार वाद घालत नाहीत.

उठता उठता धर्माजी म्हणाले, "दिवाळीनंतर बंद करताय म्हनं दुकान? त्यो गजाशेठ सांगत व्हता तिठ्यावर. जागा माजी झाली म्हनाला."

म्हणजे बाजारभर सांगून झालं होतं. माझ्या गिऱ्हाइकांना माझ्याआधी कळलं होतं.

"अजून झाली नाही," मी म्हटलं.

"मंग बरं. रूपाचं लगीन पौषात नाय, माघात हाय. तवा पत्रिका तुमीच काडायची. दुसऱ्या कुनाला आमी परत सगळं शिकवत बसनार नाय." आणि रूपाला, "चल गं, जीप जायाची."

"परवा या," मी म्हटलं. "प्रूफ तयार असेल."

बोलून गेले मी. गेले ते गेलेच, आणि माघात मी कुठे असणार होते ते त्या क्षणी मला पक्कं कळलं. ते दोघं वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी दारात उभी राहिले. मग आत येऊन बसले, खिडकी वर घेतली आणि 'मागे' दाबलं. त्या पानांवर पुढे जायचं बटण भलंमोठं होतं आणि मागे जायचं बारीक, कोपऱ्यात, पण होतं. मागे, मागे, थेट पहिल्या पानापर्यंत. तिथली भाषांची यादी खाली ओढत गेले. आपली मराठी बरीच खाली, कुठल्या कुठल्या देशांच्या भाषा ओलांडल्यावर सापडली. ती निवडली तसा सगळा पडदा मराठी झाला. मराठी कसली, अर्धं भाषांतर झालेलं आणि अर्धं राहिलेलं, एखाद्या सरकारी पाटीवर शोभेल असं. पण कुणीतरी बसून, कदाचित फुकट, इतकं तरी केलं होतं. पुढच्या पानावर कीबोर्डांची यादी आली. टाइपरायटरची मांडणी त्या यादीत नव्हती. ती नंतर वेगळी बसवावी लागते, हे मी इंटरनेटवर आधीच वाचून ठेवलं होतं, म्हणून तिथे इंग्रजीच राहू दिलं. मग पुन्हा ती दोन वर्तुळं आली, आणि मी खालच्यावर ठिपका दिला.

भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. समोर एक तक्ता आला, त्यात डिस्कचे तुकडे, प्रत्येकाला अक्षर आणि आकडा, पुढे त्याचं आकारमान. कुठला पुसायचा आणि कुठला ठेवायचा ते मी सांगायचं होतं. चुकीच्या तुकड्यावर खूण झाली तर सव्वीस वर्षं मी माझ्याच हाताने पुसणार होते, आणि मग 'तरी मी सांगत होतो' हे वाक्य मला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं, पुण्यात, ईशानीला भरवताना. माझा काम करायचा तुकडा मी आताच उघडून बघितला होता, सगळ्यांत मोठा. त्याच्यापुढची पुसण्याची चौकट रिकामी आहे ना, हे मी बघितलं, आणि पाणी पिऊन येऊन पुन्हा बघितलं. जुनी प्रणाली होती तो तुकडा नव्या प्रणालीला दिला. त्याला निरोप देताना मला काही वाटलं नाही. क्लासच्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बघतेस काय बटणाकडे, मजकुराकडे बघ. शेवटी एक इशारा आला, की यानंतर केलेले बदल परत फिरवता येणार नाहीत. मला त्या वाक्याचं हसू आलं. असा इशारा मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आधी देत होतं. शेंडी तुटो की पारंबी तुटो, असं म्हणून मी बटण दाबलं.

डिस्क कुरकुरायला लागली. खाली एक निळी पट्टी हळूहळू भरत होती आणि वर नवं पान आलं होतं. तुमचं नाव काय? चौकट रिकामी. पहिल्यांदाच असं झालं, की मशीनने स्वतःहून काही भरून ठेवलेलं नव्हतं. माझी बोटं आपोआप एम-वर गेली आणि मी त्यांना थांबवलं. मालती हे नाव मला कर्जतला मिळालं. लग्नात, विधी झाल्यावर, ताटात तांदूळ पसरून समोर आणले आणि विष्णूने अंगठीने त्यांत लिहिलं, मालती. माझं माहेरचं नाव जया. पण विष्णूची मोठी बहीणही जया, आणि सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे एक जया आहेच, उगाच घोटाळा नको." तेवढंच कारण. दुष्टपणा कुणाच्याच मनात नव्हता, हौसेने चाललं होतं सगळं, पेढे वाटले गेले. जयाताई त्याआधीच नागपूरला दिलेल्या होत्या. वर्षातून चार दिवस माहेरी यायच्या. त्या चार दिवसांत दोघींपैकी कुणाला हाक मारली असा घोटाळा होऊ नये म्हणून माझं नाव गेलं, बाराही महिन्यांचं. आणि मी काय केलं? मान खाली घालून हसले. ते ताट आत गेलं, त्या तांदळांचा दुसऱ्या दिवशी भातही झाला असेल, मीही खाल्ला असेन. बाबा आणि आई होते तोवर लोधिवलीला मी जया होते. आई गेल्यावर त्या नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही. धाकटा भाऊ ताई म्हणतो. आधार कार्डावर मालती, बँकेत मालती, दुकानाच्या पाटीवर मालती. ते नाव मला नकोसं आहे असंही नाही, त्या नावाने मी पुष्कळ काम केलंय. पण इथे पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं. मराठी अक्षरं अजून बसायची होती, म्हणून इंग्रजीतच चार बटणं दाबली. जया. खालच्या चौकटीत मशीनने स्वतःसाठीही तेच नाव घेतलं, जयाचा संगणक असं काहीतरी. मी ते बदललं नाही.

"झालं का?" विष्णू आला. छत्री उन्हासाठी, हातात दुकानाच्या शटरची दुसरी किल्ली. "गजा येतोय आत्ता. फर्निचरची मापं घ्यायचीत त्याला. तुझं हे टेबल त्याला नको, आपण घरी नेऊ, नाहीतर..." तो चष्मा वर करून पडद्याकडे बघायला लागला. "अगं, हे काय? जयाताईचं नाव कशाला घातलंस?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. गणिताचा मास्तर होता हा माणूस, शाळेतल्या जुन्या मुलांचे हजेरी क्रमांक अजून सांगतो. त्याच्या भुवया वर गेलेल्या होत्या, निव्वळ कुतूहल होतं त्यांत, आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. राग आला, स्वच्छ, तापलेला, आणि त्याच्याबरोबर एक प्रकारचं बळही.

"जयाताईंचं नाही ते," मी म्हटलं. "माझं आहे."

"तुझं?" तो म्हणाला, आणि मग थांबला. त्याचा हात नकळत उजव्या करंगळीशेजारच्या बोटाकडे गेला, जिथली ती अंगठी त्याने केव्हाच काढून ठेवलेली आहे. पट्टी अजून भरत होती. शिंप्याचं मशीन थांबलं होतं. मी त्याला मदत केली नाही. त्याचं त्याला आठवू दिलं, आणि ते आठवत गेलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला, एका म्हाताऱ्या माणसाचा झाला. एरवी मी लगेच काहीतरी बोलून सावरून घेतलं असतं.

त्याने छत्री भिंतीला टेकवली. माझ्याकडे न बघता, हळू आवाजात त्याने विचारलं, "मग आता तुला हाक काय मारायची मी?"

"हाकेचं मग बघू," मी म्हटलं. "गजा येतोय ना, त्याला आधी सांगा की जागा रिकामी नाही."